करडीने चोरलेला पान्हा

कढईवरचं झाकण खडखडलं आणि सार्नाई दचकली. दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. चहाला उकळी आली होती, इतकंच. पण वसंतातल्या त्या वादळापासून या गेरमध्ये, नमद्याच्या या गोल तंबूत, सगळं इतक्या हलक्या हाताने चाललं होतं, की वाफेने झाकण उचललं तरी कुणीतरी दार ढकलून आत आल्यासारखं वाटे. तिने चहात दूध ओतलं, मिठाची चिमूट सोडली आणि पळीने चहा वर उचलून पुन्हा खाली सोडत राहिली. अनुजिनने झोपेतच कूस बदलली. पाच वर्षांची तिची लेक, पण झोपायची तऱ्हा हुबेहूब बापाची, एक हात डोक्याखाली. सार्नाईने तिकडे पाहिलं आणि लगेच नजर चहावर आणली.

पलीकडे सासू दुल्मा मनगटांना मेंढीची चरबी चोळत बसली होती.

"माझे हात गेले आता," ती म्हणाली. "बघ, जुन्या बुटांसारखे फुगलेत. आज तुझे हात."

"मी काढते ना धारा, आई. तुम्ही नुसतं शिंगरू धरा."

"काढशील गं. घोड्यांनी काढू दिल्या तर."

आज या उन्हाळ्यात पहिल्यांदाच शिंगरं दावणीला बांधायची होती. एकदा शिंगरं बांधली की त्यांच्या आया लांब जात नाहीत. मग शरद येईपर्यंत दिवसभर धारा काढायच्या, दूध कातडी पिशवीत ओतून घुसळत राहायचं, आणि त्याचा आंबूस ऐराग झाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाडगा भरून द्यायचा. ज्या घराची पिशवी भरलेली, ते घर माळावर उभं आहे असं लोक धरून चालत. इतकी वर्षं पहिली धार दुल्माची असे. यंदा ती सुनेवर आली होती.

बाहेर मोटारसायकल थांबली आणि दारातून आधी टोपी आली, मग गाल्सन. सार्नाईचा धाकटा दीर. टेकडीपलीकडे त्याचं बिऱ्हाड, त्याचा वेगळा कळप.

"वहिनी, चहा देणार, की मलाही दावणीला बांधणार?"

"तुम्हाला बांधून काय उपयोग, भावोजी? दोर तोडाल, वर दूधही द्यायचा नाहीत."

दुल्मा खुदकन हसली. गाल्सनने वाडगा दोन्ही हातांनी घेतला, फुंकर मारली आणि वाडग्यातच बघत म्हणाला, "ठरलंय ते लक्षात आहे ना? घोड्या आज तुझ्या हाताला लागल्या तर माझं काही म्हणणं नाही. नाही लागल्या, तर कळप मी पलीकडे नेतो. तू आणि अनुजिन गावात राहा. तिची शाळा आहेच. आईला मी बघतो."

"आईला बघतो म्हणे," दुल्मा म्हणाली. "स्वतःच्या टोपीकडे बघ आधी. उलटी घातलीयस."

गाल्सन वाईट माणूस नव्हता, हीच खरी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. पण गावातल्या पत्र्याच्या कुंपणामागे, जिथून क्षितिजच दिसत नाही तिथे, अनुजिनला वाढवायचं म्हणजे तिच्या बापाला दुसऱ्यांदा हरवण्यासारखं होतं. तो इथे होता. या गवतात, या वाऱ्यात, करड्या घोडीने पाणवठ्याकडे पाडलेल्या वाटेवर. त्याचं नाव कुणी घेत नसे. गेलेल्याचं नाव घेत नाहीत. आणि रडायचंही नाही. "डोळ्यांतलं पाणी त्याच्या वाटेत साचतं, पोरी," दुल्माने वादळानंतरच्या आठवड्यात सांगितलं होतं, "मग त्याला पुढे जाता येत नाही." सार्नाई रडली नव्हती. एकदाही नाही. अनुजिनने विचारलं तेव्हा तिने कोरड्या तोंडाने "बाबा लांब गेले" म्हणून सांगितलं होतं आणि पीठ मळत राहिली होती.

निघताना तिने सासूचा देल अंगावर चढवला. उन्हाने फिका पडलेला, बाह्यांना दुधाचा आणि धुराचा वास मुरलेला जुना झगा. धारा काढणारी बाई बदलली की घोड्या बुजतात, म्हणून नवी बाई जुनीचे कपडे घालते. माळावर सगळ्याच सुना असं करतात.

दोन खुंट्यांमधल्या लांब दोराला शिंगरं ओळीने बांधलेली होती. पाय अजून शरीराला न शोभणारे, डोळ्यांत सगळ्या जगाबद्दल तक्रार. घोड्या भोवती चरत होत्या. ऊन अजून कोवळं होतं, गवतातून निळसर वाफ उठत होती, आणि त्या वाफेत घोड्यांचे पाय बुडालेले, त्यामुळे सगळा कळप जमिनीपासून जरा वर तरंगतोय असं वाटत होतं. करडी तेवढी वेगळी उभी होती. म्हातारी, छातीवर राखेचा रंग, आयाळीत काड्या.

सार्नाईने एका तांबूस घोडीपासून सुरुवात केली. दुल्माने तिचं शिंगरू आचळांना लावलं. पान्हा उतरताच मागे खेचून आईच्या कुशीला टेकवून धरलं. सार्नाई एका गुडघ्यावर बसली, घोडीच्या मागच्या पायामागून हात घातला आणि सासू गायची तेच गुणगुणू लागली, "गुरी, गुरी, गुरी..." दुधाची एक चिळकांडी बादलीत वाजली. मग काही नाही. घोडीने मान वर केली आणि करडीकडे पाहिलं. करडीचे कान मागे गेले होते. तांबूस घोडी अंग चोरून बाजूला सरली.

दुसरीने तेच केलं. तिसरीने बादली लाथाडली.

"ह्या सगळ्या तिच्या तोंडाकडे बघतात," गाल्सन वैतागून म्हणाला. "म्हातारीला आधी धर, वहिनी. ती वळली की बाकीच्या वळतील."

करडी आली नाही. गाल्सनने फासाची काठी उगारून, ओरडून, मोटारसायकल फिरवून तिला दावणीजवळ आणली. बाकीचा कळप उधळला तो उधळलाच. तिच्या शिंगराने ढुशा दिल्या, पान्हा आला, कास टचटचली, आणि सार्नाईची बोटं लागली त्या क्षणी आटली. सार्नाई गुणगुणत राहिली. आवाज मधासारखा. बोटं हळुवार. करडी दगड झाली होती.

"पान्हा चोरतेय," गाल्सन म्हणाला.

दुल्माने शिंगराला पुन्हा दावणीला बांधलं. मग सुनेच्या पाठीवरची माती झटकल्यासारखं करत म्हणाली, "तुझा गळा गोड आहे, हात गोड आहे. पण पाठ खोटं बोलतेय."

"म्हणजे?"

"मला कुठे कळतं? तिला कळतं. माझा झगा घातलास तरी आतली बाई कोण आहे, ते ती बघते. आणि आतली बाई काही वेगळंच म्हणतेय."

"भीती वाटतेय मला, आई. आज दूध आलं नाही तर..."

"भित्र्या बाईलाही घोड्या दूध देतात. मी काय वाघीण होते होय, सून म्हणून आले तेव्हा? थरथरत होते. पण थरथरत होते ते दिसत होतं. तू थरथरत नाहीस, हेच तिला चालत नाहीये."

दुपार झाली. वारा पडला. गाल्सन मोटारसायकलच्या सावलीत टोपी तोंडावर ठेवून आडवा झाला होता. दुल्मा गेरमध्ये गेली. अनुजिन दावणीपाशी गवतात बसून शिंगरांना गोष्टी सांगत होती. लांबच्या टेकड्या उन्हात वितळून पुन्हा घट्ट होत होत्या. उधळलेल्या घोड्या कुणी न बोलावता परतल्या होत्या, कारण करडी नुसती पाणवठ्यावर जाऊन पाणी प्यायली होती आणि मान हलवत परत फिरली होती. तिने कुणाला चावा घेतला नव्हता, कुणामागे धावली नव्हती. ती वळली आणि एकेक करून सगळ्यांनाच तिच्यामागे जावंसं वाटलं. सार्नाई ते बघत उभी होती. गाल्सनचं सकाळभराचं ओरडणं तिला आठवलं आणि स्वतःचं ते मधाळ गुणगुणणंही. दोन्ही सारखंच होतं की काय?

तिने देलची गुंडी सोडली. झगा काढून खुंटीवर टाकला आणि आपल्या साध्या सदऱ्यात करडीकडे चालत गेली. बादली नाही, दोर नाही. करडीने कान मागे केले.

"कर मागे," सार्नाई म्हणाली. "मला पण तुझा राग येतो."

बोलायचं ठरवलं नव्हतं. पण शब्द बाहेर पडला आणि त्याला धरून बाकीचे आले.

"तुम्ही वाऱ्याबरोबर वाहत गेलात म्हणून तो निघाला. तुम्हाला परत आणायला. आणि सकाळी तू आलीस. सगळ्यांना घेऊन आलीस, एकही हरवला नाही, अंगावर बर्फ, मिशांना बर्फ. मी मोजत बसले होते दारात. तुम्ही सगळे होतात. तो नव्हता. तू परत आलीस, तो नाही आला. तुला वाट माहीत होती ना? मग त्याच्याशिवाय कशी आलीस गं?"

तिचा आवाज चिरकला. हात कापायला लागले, आणि इतके महिने जे दाबून धरलं होतं ते डोळ्यांतून वाहू लागलं. तिने थांबवायचा प्रयत्न केला. वाटेत साचेल, साचेल, असं मनात म्हणत राहिली. ते थांबलं नाही. ती गवतात बसली, घोडीच्या पायांशी, आणि अनुजिनसारखी, नाकातोंडातून, लाज सोडून रडली.

करडी आधी दोन पावलं मागे गेली. उभी राहिली. मग तिने मान खाली घातली, इतकी खाली की नाकपुड्यांची ऊब सार्नाईच्या केसांना लागली. तिने लांब श्वास सोडला, आणि तिचे ओठ सैल पडून काही चघळत असल्यासारखे हलू लागले. सार्नाईने वर पाहिलं. समोर घोडीचं पोट होतं, बाळंतपणाने अजून ओघळलेलं. वसंतात ते पोट केवढं होतं, हे तिला आत्ता आठवलं. शिंगरू आत होतं तेव्हा. वादळाच्या तोंडावर छाती करून करडी वळली, ती कुणाला मागे टाकून नाही. पोटातल्याला घराकडे आणायला वळली. आणि ती वळली म्हणून बाकीचेही वाचले.

"मला पण वळायचंय," सार्नाई तिला हळूच म्हणाली. "कशी वळलीस, एवढंच सांग."

घोडीने तिचा खांदा हुंगला. कान आता पुढे होते.

दुल्मा कधी आली ते कळलंच नाही. तिने शिंगरू सोडून आणलं होतं, दुसऱ्या हाताच्या कोपरात बादली. सुनेचा ओला चेहरा तिने पाहिला. सार्नाई घाईने बाही वर नेऊ लागली.

"राहू दे," दुल्मा म्हणाली.

"आई, त्याच्या वाटेत..."

"साचलं असेल थोडं." म्हातारी लांब टेकड्यांकडे बघत राहिली. तिचेही ओठ जरा वाकडे झाले. "माझा पोरगा आहे तो. एवढ्याशा पाण्यातून घोडा काढेल की."

शिंगराने ढुशी दिली. दुल्माने त्याला मागे घेतलं. सार्नाई गुडघ्यावर बसली, नाक ओढत, हात अजून थरथरत, आणि गाणं तर सुचेचना, म्हणून गाण्याशिवायच तिने आचळाला बोटं लावली. पान्हा उतरला. पहिली धार तळाला वाजली, दुसरी तिच्यावर, मग आवाज बदलत गेला, पोकळ होता तो भरत गेला, आणि बादलीत पांढरा फेस चढला. पलीकडे तांबूस घोडी मान हलवत दावणीकडे आली. तिच्यामागे आणखी एक. त्यांना कुणी हाकलत नव्हतं.

गाल्सन टोपी वर करून बघत होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी काय सकाळपासून नुसतं मोटारसायकलला ओरडत होतो?"

"हो," दुल्मा म्हणाली. "आणि तिनेही ऐकलं नाही तुझं. ऊठ, ती दुसरी बादली आण. आणि कळप न्यायचं पुन्हा नाव काढू नकोस."

"नाही काढत, आई." तो उठला, आणि जाता जाता वहिनीसमोर थांबला. टोपी हातात घेऊन, मान लववून तो बादली आणायला गेला.

दुल्माने पहिल्या दुधाचा मान म्हणून पळीभर दूध आकाशाकडे उडवलं. थेंब उन्हात क्षणभर टांगल्यासारखे राहिले. सार्नाईला आतून रिकामं आणि स्वच्छ वाटत होतं, पीठ संपल्यावर पोतं झटकतात तसं. मग तिला जाणवलं, कुणीतरी तिच्याकडे एकटक बघतंय.

अनुजिन. शिंगराच्या दाव्याला धरून, गवताच्या कुसळांनी भरलेली. ती मघापासून तिथेच असणार. सगळं ऐकून. ती जवळ आली, आईच्या गालावरून बोट फिरवलं, ओलं झालेलं बोट निरखून पाहिलं.

"मला वाटलं, तुला बाबांची आठवणच येत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी पण नाही काढत."

सार्नाईने तिला ओढून घेतलं. पोरगी आधी ताठ राहिली, मग थोडी सैल झाली, मग पुन्हा मागे सरली, आईचं तोंड नीट दिसावं म्हणून. डोळे बापाचे. दावणीतल्या शिंगरांसारखेच थेट.

"करडीला सांगितलंस," तिने विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"