दोन बोटांचा फरक

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझ्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून डोंगरातले लोक माझ्यासारख्यांना फार जपतात. माझ्या वयाच्या गाड्या आपली कहाणी सांगताना छाती फुगवून बोलतात. मला ते जमायचे नाही. माझ्यामुळे एका निरपराध मुलीची भर रस्त्यात झडती झाली. ते आठवले की आजही मला तोंड लपवावेसे वाटते.

माझा जन्म जपानमधला. तिथे दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी सुखात होते. बर्फातून दवाखाना आणि दवाखान्यातून घर, एवढेच माझे जग. बाईंची नजर अधू झाली आणि मी जहाजातून समुद्रापार जॉर्जिया देशात आले. तिथल्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईके मला बघून हसायची, कारण माझे स्टिअरिंग उजवीकडे आणि तिकडची वाहने चालतात रस्त्याच्या उजव्या कडेने. पण इमेदा नावाचा एक तरुण आला आणि माझ्या टपावर थाप मारून म्हणाला, "उलट बरं आहे की. दरी आधी मला दिसेल." तो तुशेती नावाच्या डोंगराळ मुलखातला होता. तिथल्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

तुश लोक मेंढपाळ. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर जातात, शरदात पायथ्याच्या अल्वानी गावी उतरतात. मी चीज वाहिले, लोकर वाहिली, पाहुणे वाहिले, पाय मोडलेल्या मेंढ्याही मांडीवर घेतल्यासारख्या नेल्या. इमेदाची आई बाबाले कुणाचे कौतुक करणाऱ्यांतली नव्हे, पण खिंड ओलांडली की माझ्या दारावर हात फिरवून ती म्हणायची, "पोरगी गुणाची आहे." त्या शब्दांवर मी कित्येक हिवाळे काढले.

मग इमेदाचे लग्न ठरले. मुलगी मारेखी, पार पश्चिमेकडच्या राचा प्रांतातली. आता दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तुशेतीत वर डुकराचे मांस नेत नाहीत. नेले तर डोंगर कोपतो, वाटेत घात होतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. आणि राचा प्रांत नेमका धुरावलेल्या डुकराच्या मांसासाठी नावाजलेला. तेव्हा सून यायच्या आधीच बाबालेच्या कपाळावर आठी आली होती.

लग्न लागले. निघताना राचाच्या घाटात एका धारदार दगडाने माझे पुढचे डावे चाक फाडले. मागच्या दारावर जादा चाक होते, बाकीच्या तिन्ही चाकांइतकेच झिजलेले. ते लावले असते तर ही गोष्ट घडलीच नसती. पण सोबत जोकोला होता. तिकडे लग्नात नवऱ्यामागे एक पाठीराखा उभा राहतो, आणि त्या दिवसापासून तो जन्माचा सोयरा होतो. त्याची भेट परत करणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणे.

"नवरीच्या गाडीला झिजकं चाक?" जोकोला म्हणाला. "मग मी कशाला जिवंत आहे?"

शहरात शिरून त्याने एक कोरे करकरीत टायर आणले आणि स्वतः गुडघ्यावर बसून बसवले. मग वाईनचा पेला उंचावून तो लांबलचक बोलला. या घराचे चाक कुठे अडू नये, असा त्याचा मथितार्थ होता. इमेदाने त्याला मिठी मारली. मीही भाळले. नवा दागिना कुणाला आवडत नाही?

मित्रांनो, माझ्या पोटात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक बंद डबा आहे. त्यात पातळ चकत्या आणि दाट तेल. वळताना पुढची चाके जास्त अंतर चालतात, मागची कमी. तेवढा फरक तो डबा मुकाट्याने सोसतो. पण एक चाक नवे, म्हणजे झिजलेल्या इतरांपेक्षा घेराने मोठे असले तर सरळ रस्त्यावरही त्याला उसंत नसते. तेल तापते, आणखी दाट होते, चकत्या एकमेकींना सोडेनाशा होतात. मग सावकाश वळण आले की चाके रस्त्यावर अडखळतात आणि सगळे अंग थरथरते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही डांबरी रस्त्यावर होतो. दुपारी तुशेतीच्या चढाला लागलो. सुरुवातीच्या काही वळणांवर सिमेंट ओतलेले आहे. पहिल्याच वळणावर इमेदाने वेग कमी केला, स्टिअरिंग पूर्ण फिरवले, आणि मी हादरले. खालून कुणीतरी धरून गदागदा हलवावे तशी.

"काय रे ते?" मागून बाबालेने विचारले.

"काही नाही, आई. दगड असेल."

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्यावर तर आरसा डुगडुगू लागला. बाबालेने छातीवर क्रूसाची खूण केली.

"दगड नाही हा. या गाडीत काहीतरी आहे."

"मावशी, गाडी म्हातारी झालीय," जोकोला पुढच्या सीटवरून म्हणाला. "तुमच्यासारखे तिचेही गुडघे बोलतात."

"माझे गुडघे खोटं बोलत नाहीत. तू गप्प बस." आणि मग सुनेकडे वळून, "तुझ्या आईने शिदोरीत काय बांधून दिलंय?"

"घेवडा भरलेल्या भाकरी, आई," मारेखी म्हणाली.

"राचात घेवडा नुसता कधी शिजलाय? डुकराच्या चरबीशिवाय तुमची चूल पेटत नाही म्हणतात."

"लोणी घालून केल्यात. तुमच्याकडे चालत नाही हे मीच तिला सांगितलं होतं. तिने तवासुद्धा नवा घेतला."

"इमेदा, गाडी थांबव."

त्याने थांबवली. माझ्याच बॉनेटवर मारेखीची पिशवी रिकामी झाली. नवे कपडे, आईने विणलेले मोजे, वडिलांचा फोटो, सगळे उन्हात उघडे पडले. मागून आलेली दुसरी गाडी थांबली, त्यातले लोक उतरून बघत राहिले. बाबालेने भाकऱ्या हुंगल्या. नाक मुरडले. मग एकेक करून सगळ्या खालच्या नदीत भिरकावल्या. मारेखी रडली नाही. तिने कपडे झटकले, घड्या घालून पिशवीत भरले, आणि जागेवर जाऊन बसली. इमेदा दुसरीकडे बघत होता.

या सगळ्यात बराच वेळ गेला आणि माझ्या पोटातले तेल निवले. सिमेंट तिथेच संपत होते. पुढे दगडमातीचा रस्ता, आणि दगडमातीवर तेल पुन्हा तापले तरी चाक जरा घसरते, पोटातला ताण सुटतो. मी निघाले ती लोण्यावरून सुरी जावी तशी. एकदाही हलले नाही.

"बघितलंस?" बाबाले म्हणाली. "गेलं ते."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते सांगता येत नाही. मला ओरडून सांगायचे होते की चाकाकडे बघा. पण मला फक्त चालता येत होते, आणि मी जितकी चांगली चालले तितकी ती मुलगी दोषी ठरत गेली.

वर गावात बातमी आमच्या आधी पोचली. त्या उन्हाळ्यात मारेखीने लोकर धुतली, मेंढ्यांचे दूध काढले, पाण्याच्या बादल्या वाहिल्या. पण जत्रेची भाकरी मळायला बाबालेने तिला परातीजवळ येऊ दिले नाही. शेजारणी तिच्या हातचा चहा घ्यायच्या आणि न पिताच कप खाली ठेवायच्या. वरचे सगळे रस्ते दगडमातीचे, त्यामुळे मी गुणी मुलीसारखी चालत राहिले. बाबाले माझ्या दारावरून हात फिरवायची, आणि तो हात मला चटके द्यायचा.

जुलैत इमेदा मीठ आणायला एकटाच खाली निघाला. सिमेंटच्या वळणांवर मी पुन्हा हादरले. गाडीत ना मारेखी, ना पिशवी, ना भाकरी. त्याने गाडी थांबवून रिकाम्या मागच्या सीटकडे वळून पाहिले.

अल्वानीत त्याने मला लोकरीच्या गोदामासमोरच्या सिमेंटच्या अंगणात नेले आणि सावकाश गोल गोल फिरवले. मी थरथरले. मग शेजारच्या ओल्या गवतावर तसेच फिरवले. मी शांत. त्याने खाली शिरून पुढच्या आसांचे सांधे हलवून पाहिले, रबरी टोप्या फाटल्यात का ते चाचपले. सांधे घट्ट होते. गिअरचे तेल बदलले, मागच्या आसाचेही बदलले. पुन्हा अंगण, पुन्हा थरथर. शेवटी त्याने सुतळी घेतली आणि एकेका चाकाभोवती गुंडाळून मापली. तीन चाकांचे माप एक आले. जोकोलाच्या चाकाला सुतळी दोन बोटे कमी पडली.

त्याने ते चाक काढून मागच्या दारावरचे झिजलेले चाक लावले, तेल तापावे म्हणून मला शहरापर्यंत एक मोठा फेरा मारून आणले आणि पुन्हा अंगणात फिरवले. मी एका जागी फिरणाऱ्या मेंढीइतकी अलगद वळले. मला वाटले, सुटले. आता हा वर जाईल आणि सांगेल.

मित्रांनो, त्याने मीठ भरले. मग जॅक लावला, आणि जोकोलाचे चाक पुन्हा जिथल्या तिथे चढवले.

"जोकोलाला दिसेल ना चाक काढलेलं," तो माझ्याशीच पुटपुटला. "आणि आईला काय सांगू? की तिने भर रस्त्यात..." इतका चांगला माणूस, पण सोयऱ्याचा मान आणि आईचा शब्द यांच्यात त्याने बायकोला चिरडू दिले. मी त्याचीच गाडी, म्हणून मलाही मान वर करता येईना.

शरद आला. उतरायचा दिवस ठरला तेव्हा मारेखी म्हणाली, "मी मेंढ्यांबरोबर चालत येते."

"पायांचे तुकडे पडतील," इमेदा म्हणाला.

"पडू देत. मी बसले आणि गाडी हलली, तर पुन्हा पिशवी कोण उघडणार?"

ती काठी घेऊन कळपामागून निघाली. आम्ही मुद्दाम उशिरा निघालो, वाटेत एका ओळखीच्या घरी मुक्कामही केला. तरी सिमेंटच्या वळणांवर आम्ही पोचलो तेव्हा कळप मागेच होता. गाडीत बाबाले, जोकोला आणि इमेदा. पहिले वळण आले. इमेदाने वेग कमी केला.

मी हादरले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला हादरताना बरे वाटले.

दुसरे वळण आले, मी पुन्हा हादरले. बाबालेचा चेहरा आरशात दिसत होता. तो हळूहळू पांढरा पडत गेला.

"थांबव," ती म्हणाली.

ती उतरली. आपली पिशवी तिने माझ्या बॉनेटवर आणली आणि उलटी केली. चीजचे गोळे घरंगळले, जपमाळ, औषधाच्या बाटल्या, जुनी चोळी.

"बघा," ती म्हणाली. "नीट बघा. माझ्याही पिशवीत असेल काही. हुंगून बघ, जोकोला."

"मावशी, असं काय करता?"

"तिची उघडली तेव्हा कोण म्हणालं होतं, असं काय करता?"

मग इमेदाने खाली मान घालून सगळे सांगितले. सुतळी, अंगण, दोन बोटे. जोकोला ऐकत होता आणि त्याचे कान लाल होत होते.

"म्हणजे माझ्या चाकासाठी तू तोंड शिवून बसलास?" तो म्हणाला. "अरे गाढवा, चाकच होतं ते. मुंडकं नव्हतं माझं." त्याने बाही सरसावली, जॅक काढला, आणि ज्या गुडघ्यावर बसून त्याने ते बसवले होते त्याच गुडघ्यावर बसून काढले. झिजलेले चाक चढले.

बाबाले मात्र रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली. दुपार कलली तेव्हा कळप आला. मारेखी मागे होती, पायांना फडकी गुंडाळलेली. पसरलेले सामान बघून ती थबकली.

"तुझ्या आईच्या हातचं अन्न मी नदीत टाकलं," बाबाले म्हणाली. "ते चांगलं होतं. वासावरूनच मला कळलं होतं, पण तोवर लोक जमले होते. आता मला तिच्याकडे घेऊन चल. मला तिथे बोलायचंय."

मारेखीने सासूकडे पाहिले. मग चाकाकडे, मग नवऱ्याकडे.

"तुला कधी कळलं?" तिने विचारले.

इमेदा खोटे बोलला असता तर मी जागच्या जागी बंद पडले असते.

"जुलैत," तो म्हणाला.

मारेखीने हातातली काठी त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली. बाबालेही त्याला गाडीत ये म्हणाली नाही. इमेदा कळपामागून चालत निघाला, जोकोला माझ्या स्टिअरिंगवर बसला, आणि सासू-सून मागे बसल्या, मधे एका माणसाची जागा सोडून.

उरलेल्या वळणांवर मी हलले नाही. निवलेले तेल, सारखी चाके, हलायला कारणच नव्हते. तरी प्रत्येक वळणाला मारेखीचा हात दारावरची मूठ घट्ट धरायचा. जोकोला ते आरशात बघायचा आणि आणखी सावकाश वळायचा. अल्वानी येईपर्यंत तिची पकड सैल झाली नाही. गाडीचे दुखणे एका चाकाने बरे होते, माणसाचे तसे होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीची चारही चाके एका मापाची ठेवा. ती हळू वळताना थरथरली तर आधी वाकून तिच्याखाली बघा, मग माणसांकडे बघा. आणि कारण कळले की ते त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा. मला तोंड नाही, मला फक्त हादरता येते. तुम्हाला तर बोलता येते.