पाय कापलेले टेबल

मित्रांनो, मी एक जुने सुतारी टेबल आहे. मला टेबल म्हणायचे की नाही हे तुम्हीच ठरवा, कारण माझी उंची आज जेमतेम वीतभर आहे. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका घराच्या परसात कौलारू सुतारखोली आहे, तिथे मी जमिनीलगत पडून असतो. नवख्या माणसाला वाटते, कुणीतरी इथे फळी विसरून गेले. त्याचे मला वाईट वाटत नाही. खरे सांगायचे तर आता मला कशाचेच फारसे वाटत नाही.

राधानगरीकडे मी ऐनाचे झाड होतो. मला तोडले, बैलगाडीत घातले, वखारीत नेऊन उभे चिरले. पहिल्यांदा चिरताना जे वाटले ते दुसऱ्यांदा वाटले नाही, आणि तिसऱ्यांदा तर मी मोजणेही सोडून दिले.

मला घरी आणले ते दत्तोपंतांनी. ते एका हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्तीनंतर परसात आपली सुतारखोली असावी, हा त्यांचा एकमेव हट्ट. एकोणीसशे चौसष्ट सालापासून ते ती बांधत होते, पण कागदावर. खिडकी उत्तरेला हवी, म्हणजे उजेड सारखा पडेल. चिकूच्या झाडापासून भिंत सहा फूट लांब हवी. भिंतीवर कुठल्या खिळ्याला करवत आणि कुठल्या खिळ्याला रंधा, याचेही चित्र त्यांनी काढून ठेवले होते. शेजारचे बाळासो कुंपणावरून विचारायचे, “मास्तर, कारखाना आजून कागदावरच हाय व्हय?” मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, “घाई केली की चुका राहतात.” असे पाच वर्षे चालले. बायकोने, म्हणजे सरोजिनीबाईंनी, तोवर विचारायचे सोडून दिले होते.

शेवटी एकोणसत्तर साली खोली उभी राहिली. हातकणंगल्याहून शमशुद्दीन मिस्त्री रोज सकाळच्या गाडीने यायचे. त्यांनीच मला घडवले. माझी उंची मास्तरांनी एका इंग्रजी पुस्तकातून काढली होती, चौतीस इंच. त्यावरून दोघांची रोज जुंपायची.

“मास्तर, ह्येच्यावर काम करायचं का भाषण द्यायचं?” मिस्त्री विचारायचे.

“उभं राहून रंधा मारायचा. पुस्तकात तसंच दिलंय.”

“आमी खाली बसून मारतोय की. लाकूड पायानं दाबून धराय लागतंय. ह्येला तुमी एवढं वर नेलासा, आता पाय कसा पोचनार?”

“त्यासाठी शिकंजा बसवलाय ना!”

“मग पायांनी काय नुसतं उभं ऱ्हायाचं?” असे म्हणून मिस्त्री मोठ्याने हसायचे, आणि मास्तरही.

मित्रांनो, तेव्हा माझा थाट काय सांगू! चार पाय सरळ, पाठ आरशासारखी. बघायला येणारे माझ्यावरून हात फिरवून जायचे. मास्तर मला दर पंधरा दिवसांनी जवसाचे तेल लावायचे. पण ते माझ्यावर काही करेनात. आधी सांधे नीट जमले पाहिजेत म्हणून दोन वर्षे ते टाकाऊ तुकड्यांवर नुसते सांधेच करत राहिले. त्यांना करायचा होता झोपाळा. त्याची नऊ चित्रे तयार होती.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, सकाळी दहाच्या सुमारास, त्यांच्या उजव्या हातातून रंधा खाली पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत. माझी कड डाव्या हाताने धरून ते हळूहळू घसरत खाली गेले. मी चांगला चार पायांवर उभा होतो, पण त्यांना धरणे मला शक्य नव्हते.

अर्धांगवायू झाला होता. उजवा हात गेला, उजवा पाय बधिर झाला, बोलणे अडखळू लागले. दवाखान्यातून आल्यावर ते दिवसभर मागच्या खिडकीत बसून खोलीकडे बघत राहायचे. ते बघणे सरोजिनीबाईंना सोसवेना. त्यांनी खोलीला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोचली. दीड वर्ष माझ्यावर धूळ साचली. शिकंजा गंजला. मीही आतून सुकत गेलो, आणि एक दिवस माझ्या अंगावर लांबलचक भेग पडली. मला कळलेसुद्धा नाही.

त्र्याहत्तर साली शमशुद्दीन मिस्त्री आले ते थेट परसातच.

“वैनी, किल्ली द्या की.”

“कशाला? त्यांना उभं राहता येत नाही, मिस्त्री.”

“उभं ऱ्हावा म्हनतंय कोन?”

“पुन्हा काही झालं तर? मला नाही झेपायचं आता.”

“आता तरी काय हुतंय? खिडकीत बसून जीव सुकालाय त्येंचा.”

बाईंनी किल्ली दिली, पण त्या आत आल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी मास्तरांना धरून आणले, खुर्चीवर बसवले आणि मला आडवे केले. माझ्या पायांवर कुठे कापायचे ती रेघ मास्तरांनीच आखली, डाव्या हाताने. ज्या माणसाने जन्मभर मुलांना सरळ रेघा शिकवल्या, त्याची ती रेघ नागमोडी आली. मिस्त्रींनी ती पुसली नाही. तिच्या बाजूने सरळ करवत चालवली. चार पाय चार वेळा कापले गेले. मला काही वाटले नाही, पण मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

मग त्यांना माझ्यासमोर सतरंजीवर बसवले. मिस्त्रींनी माझ्यावर एक फळी ठेवली, मास्तरांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि फळीवर ठेवला. तो पाय धोंड्यासारखा जड होता. फळी जागची हलेना.

“ह्यो पाय दमायचा न्हाई, दुखायचा न्हाई. ह्येच्यापरास चांगला शिकंजा कुठं मिळतोय, सांगा!”

मास्तर अर्ध्या तोंडाने हसले. दारात बाईंनी पदर तोंडाला लावला.

पहिल्या चार महिन्यांत मास्तरांनी एका हाताने एक पाट केला. झोपाळा नाही, साधा जेवायला बसायचा पाट. तो थोडा डुगडुगायचा. बाईंनी तो वापरायला घेतला आणि डुगडुगण्याविषयी अवाक्षर काढले नाही.

दुसऱ्या पाटाच्या वेळी एक गोष्ट घडली. दुपारची वेळ होती. लाकडाच्या गाठीवरून पटाशी निसटली आणि त्यांच्या उजव्या पायात, अंगठ्यामागे शिरली. त्यांनी ती उचलून परत लाकडाला लावली आणि काम सुरू ठेवले. त्यांना कळलेच नव्हते. मला कळले. माझ्या भेगेत काहीतरी ऊन ऊन उतरू लागले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा काही वाटले, आणि ती भीती होती. पण मी पडलो लाकूड, ओरडणार कसा?

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा रक्त जमिनीपर्यंत आले होते. त्या किंचाळल्या नाहीत. कप खाली ठेवला, हळद आणली, जुने पातळ फाडून पाय बांधला. मास्तरांनी तेव्हा कुठे खाली पाहिले. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. पटाशी बाजूला ठेवून ते कसेबसे म्हणाले, “लाव... कुलूप लाव.”

बाई उठून घरात गेल्या. मला वाटले, किल्ली आणायला गेल्या. मास्तरांनाही तेच वाटले असावे, कारण ते एकेक हत्यार गोळा करू लागले.

बाई आल्या त्या पाट घेऊन. माझ्या शेजारी तो मांडला आणि त्यावर बसल्या.

“तुम्ही लाकडाकडे बघा,” त्या म्हणाल्या. “पायाकडे मी बघते.”

पुढची सात वर्षे त्या रोज तिथे बसल्या. हातात विणकाम नाही, तांदूळ निवडणे नाही, कारण नजर हलवून चालणार नव्हते. पटाशी जवळ आली की त्या एवढेच म्हणायच्या, “पाय.” आणि मास्तर थांबायचे. त्या सात वर्षांत दुसरी जखम झाली नाही. पाट मात्र चौदा झाले.

ऐंशी साली मास्तर गेले. बाई हल्ली लेकीकडे, मीनाक्षीकडे असतात. आता मीनाक्षीने मला आपल्या दिवाणखान्यात न्यायचे ठरवले आहे. नवे पाय लावून माझा टीपॉय करणार आहेत. सुतार येऊन बघून गेला. माझ्यावरचा काळपट डाग नखाने खरवडत तो म्हणाला, “ह्ये रंध्यानं जातंय, काळजी नगं.”

मित्रांनो, तुम्ही वस्तू जपता, तेल लावता, पुसता, ते चांगलेच आहे. पण घरात कुणाच्या हातापायातली, मनातली जाण गेली असेल, तर त्याच्या वाटची नजर तुम्ही ठेवा. मला नवे पाय लावा, न लावा, माझी काही तक्रार नाही. त्या सुताराला मात्र सांगा, तेवढ्या डागावर रंधा फिरवू नकोस. त्या जागेकडे एक बाई सात वर्षे बघत बसली होती.