टिळ्यातलं बिनचमकीचं नाणं

टिळा होऊन आठवडा नाई झाला, तं इवाई दारात उभे! मी वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडून राहिली होती. हात पुसते न पुसते तोच देवीदास इवायानं ते नाणं माह्या पायापाशी आदळलं.

"पार्बताबाई, खोटं नाणं देता काय? सारी बार्शीटाकळी मले हासून राहिली!"

अवं माय! पायाखालची जमीनच सरकली माह्या. त्याच्या मांगं त्याचा पोरगा शालिकराम, आमचा होणारा जवई, मान खाली घालून उभा. अन् आमची शकुन दाराआड सारं ऐकून राहिली.

शकुनचे बाबा अमरावतीच्या क्यांपातल्या एका बंगल्यावर माळीकाम करत. तिथली मेमसायब विलायतीले परत जातानी त्याइले हे नाणं देऊन गेली. एडवर्ड बादशहाचं, चांदीचं, रुपयाहून चांगलं मोठं. घरात त्याच्याहून मोलाचं काई नव्हतं. म्हून टिळ्याच्या वक्ती जवयाच्या हातातल्या नारळावर आमी तेच ठेवलं. आता सांगा, काय वाईट केलं?

"दगडावर आपटलं, रुपयावानी वाजत नाई," इवाई म्हणे. "चमक तं नाईच. चिंच लावून राखेनं घासलं, तरी जस्तच दिसते. लगन मोडलं समजा."

लगन मोडलं! तोंडाले येईन ते बोलून मोकळा झाला बाप्पा. टिळा वापस आलेली पोरगी आमच्या माळी जातीत कोण करते? बापानं खोटं नाणं देलं, हे नाव तिच्या कपाळी जलमभर राहते. मी तं चवताळलीच. "आमाले चोर समजता का? चला सराफाकडं, आत्ताच्या आत्ता!"

"सराफ छिन्नी मारून पाहीन," शालिकराम तवा पहिल्यांदा बोलला. "अकोल्याचे वामनराव वकील अशी नाणी जमा करतात. त्याइच्या देवाले मीच फुलं देतो. त्याइले दाखवू."

दुसऱ्या दिवशी आमच्या बडनेऱ्याहून शकुनचे बाबा, मी, इवाई अन् शालिकराम, आमी चौघं अकोल्याले निघालो. इवायानं रस्ताभर माह्याकडं पाह्यलं नाई. मीही नाई पाह्यलं, मले का गरज पडली होती?

वामनराव वकिलानं नाणं खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं. पाह्यलं, उलटवलं, पुन्हा पाह्यलं. मग पेटीतून तसंच दुसरं नाणं काढलं अन् तराजू मांडला. माहा जीव टांगणीले लागला.

इवायाले दम कुठं? "वकीलसायब, खोटं असन तं सांगून टाका. पोराले दुसरी पोरगी पाहतो."

"पाहू नका, बाबा," शालिकराम म्हणे. "नाणं खोटं निघो का खरं निघो. मी लगन करीन तं शकुनसंगंच करीन."

इवाई डोळे फाडून पाहतच राह्यला. जलमात पोरगा कधी उलटून बोलला नसन. मी पदर तोंडाले लावला.

वकिलानं भिंग खाली ठेवलं. "खोटं नाही," ते म्हणाले. "हे माझं नाणं विलायतेतल्या साध्या चलनातलं, त्याच वर्षाचं. दोन्हींचं वजन एक, काठावरची अक्षरंही तीच. खोटं नाणं साच्यात ओतलेलं असतं, त्याचं बारीक काम बसकं होतं. यात मागच्या बाजूला घोडा आहे, त्याच्या आयाळीचा केस न् केस मोजून घ्या. बादशहाच्या राज्याभिषेकाच्या वेळी शौकीन लोकांसाठी अशी थोडी नाणी खास पाडली. खर्चायला नाही, जपून ठेवायला. चमक मुद्दामच ठेवली नाही. आणि वाजेल कसं रुपयासारखं? रुपयाच्या दुपटीहून जड आहे ते."

शकुनच्या बाबानं एवढा मोठा श्वास सोडला का वकील हासले. मी तं तिथंच रडाले लागली, लाज ना शरम.

"असं नाणं शौकीन माणूस पंचवीस रुपयांना घेईल," वकील म्हणाले. मग त्याइनं बादशहाच्या गालावर बोट ठेवलं. "पण हे घासलं कोणी? आता पंधराच्या वर कोणी देणार नाही."

इवाई छताकडं पाहून राहिला. मले काई बोला लागलं नाई, देवानंच बोलून टाकलं होतं!

बाहीर आल्यावर इवायानं हात जोडले. "इहीनबाई, चुकलो. राग धरू नका." अन् ते नाणं त्यानंच शालिकरामच्या हातात ठेवलं. माहा राग तं कवाच पाणी झाला होता.

घरी पोचलो, तं शकुन दारातच. तोंड सुकून गेलेलं पोरीचं. म्या तिले बाजूले घेतलं अन् शालिकराम बापाले काय बोलला ते पहिले सांगतलं. मग म्हटलं, "अन् आयक, ते नाणं हाये नं..."

"नाण्याचं मांगून सांग वं, माय," ती म्हणे. "ते काय म्हणाले, ते आखीन एकडाव सांग."