दक्षिणेच्या खिडक्या

मिलबराच्या लोकांना आपल्या चर्चमधल्या अंधाराचा फार अभिमान होता. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरापासून तासाभरावरचं हे गाव. एक पब, एक बेकरी, गव्हाच्या साठवणीचे उंच सायलो आणि मधोमध १८८९ सालचं सेंट ऑल्बन्स. पिवळसर दगडाचं, टोकदार गॉथिक कमानींचं, बघणाऱ्याला थेट इंग्लंडात नेऊन सोडणारं. आत भरदुपारी दिवे लावावे लागत. भक्तीला असाच अंधार हवा म्हणून जुन्या लोकांनी मुद्दाम तसं बांधलं, असं गावात चार पिढ्या सांगत आले होते.

खरं तर ती चूक होती, आणि ती शोधून काढली चित्रलेखाने. पुण्यात ती आर्किटेक्ट होती, जुन्या इमारतींची दुरुस्ती हे तिचं काम. नवऱ्याला, शंतनूला, टूवूंबाच्या हॉस्पिटलात आयटीची नोकरी लागली आणि त्याच्यामागून आलेली ही पोचली ती एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. इथला अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, असं सहा वर्षं चाललं. शेवटी ब्रिस्बेनची एक हेरिटेज फर्म एवढं म्हणाली, की इथल्या एखाद्या इमारतीवर तुमच्या नावाने काही छापून आलेलं असेल तर घेऊन या, मग बोलू. तेवढ्या वाक्यावर ती मिलबराला आली. चर्च कमिटीला इतिहासाचं पुस्तक हवं होतं आणि लिहायला कुणी नव्हतं.

दोन वर्षं तिने सगळे शनिवार तिथे घातले. टेपने भिंती मोजल्या, जुन्या सभांची मिनिटबुकं वाचली, कबुतरांच्या घाणीतून छपरापर्यंत चढली. उत्तरेची भिंत जवळजवळ आंधळी, आणि मोठ्या पाचही खिडक्या दक्षिणेला. असं का, हा प्रश्न गावात कुणाला पडला नव्हता. तिला पडला, कारण इथल्या पहिल्या हिवाळ्यात तीही अशीच फसली होती. पुण्याच्या सवयीने तिने दक्षिणेच्या खिडक्यांचं घर हौसेने भाड्याने घेतलं आणि चार महिने कुडकुडली. इथे, विषुववृत्ताच्या खाली, ऊन उत्तरेकडून येतं. मग जुन्या पत्रांच्या पेटीत उत्तर सापडलं. नकाशा लंडनहून बोटीने आला होता. काढणाऱ्याने ऑस्ट्रेलिया जन्मात पाहिला नव्हता, आणि बांधणाऱ्यांना तो उलटा करायचं धाडस झालं नाही. साहेबाने काढलाय म्हणजे बरोबरच असणार. म्हणून एवढी वर्षं माणसं उन्हाच्या देशात गारठून बसली आणि त्यालाच भक्ती म्हणत राहिली.

मे महिन्यात पुस्तक लिहून पुरं झालं. कमिटीचा अध्यक्ष ग्रॅहम, निवृत्त हेडमास्तर, हसतमुख, दर शनिवारी तिला स्वतः चहा करून देणारा. मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांदेखत विचारलं, कव्हरवर तुझं नाव टाकायचं ना?

"ओह नो, नो," ती म्हणाली, "सगळ्यांचंच काम आहे ते."

"नो वरीज," म्हणत ग्रॅहमने पुढचा विषय घेतला, टॉयलेटचं गळकं छप्पर.

आता मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्यात पहिलं नको हे नको नसतंच. पाहुणा पानावर आडवा हात धरतो तो वाढणाऱ्याने आग्रह करावा म्हणून. चित्रलेखा त्या आग्रहाची वाट बघत बसली. मीटिंग संपली, कपबशा धुऊन झाल्या, तरी तो काही आला नाही. घरी जाऊन तिने मेल केली, की नावाचं तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. सोबत स्वतःची चार ओळींची माहिती, लागली तर असू द्यावी म्हणून. एवढ्यावर न समजायला माणूस काय दगड आहे, असं तिला वाटलं. ग्रॅहमने त्याला योग्य वाटलं तसं केलं.

प्रकाशन ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, झालं, चर्चमध्येच, सगळे जॅकेटं घालून. कव्हरवर ठळक अक्षरांत ग्रॅहमचं नाव. तिने भराभर पानं उलटली. नकाशे तिचे, वाक्यं तिची, स्वल्पविरामसुद्धा तिचे. शेवटच्या पानावर आभार होते: मोजमापात मदत करणारी आणि फक्कड समोसे आणणारी आमची मैत्रीण चित्रा. समोर ग्रॅहम दक्षिणेच्या खिडक्यांची गंमत रंगवून सांगत होता आणि लोक हसत होते.

शेजारी उर्वी बसली होती, तिची सोळा वर्षांची मुलगी. मेच्या मीटिंगलाही ती आईबरोबर आली होती. या माणसाने माझं पुस्तक चोरलं, असं चित्रलेखा तिच्या कानाशी पुटपुटली.

"बट मम, ही आस्क्ड यू," उर्वी म्हणाली. "यू सेड नो."

तिला पोरीचा राग आला, ग्रॅहमचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या सुसंस्कृत जिभेचा आला. ब्रिस्बेनला आता काय दाखवायचं, समोशांचं प्रशस्तिपत्र?

समारंभानंतर ग्रॅहम सह्या करत बसला. चित्रलेखाही पुस्तक घेऊन रांगेत उभी राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला बघून तो मनापासून खूश झाला, आणि तेच तिला जास्त लागलं. लबाड असता तर निदान भांडता आलं असतं.

"टू चित्रा?" पेन टेकवत त्याने विचारलं.

"नो. फुल नेम, प्लीज. चित्रलेखा देवस्थळी."

त्याने स्पेलिंग विचारलं, दोन वर्षांत पहिल्यांदाच. ती एकेक अक्षर सांगत गेली, तो काळजीपूर्वक लिहीत गेला, मग शाईवर फुंकर घालून त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं. पहिल्याच पानावर तिचं नाव आलं होतं, पूर्ण, एकही चूक न होता. खाली लिहिलं होतं, वाचून आनंद घ्या, आणि त्याखाली लेखकाची सही.