परवानगी नाकारली

खांद्यावरची पर्स न उतरवताच तिने खुर्ची ओढली आणि बाबांच्या संगणकासमोर बसली. पडद्यावर तीच ओळ होती: परवानगी नाकारली. लोकांची अडलेली मशिनं सोडवायची हा तिचा धंदा. आज दिवसभर तिने हेच दोन शब्द वाचले होते, आणि घरी येऊनही तेच.

"राहू दे, ठमे. आधी हातपाय धू," बाबा मागून म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही कशाला हात लावलात पण?"

बाबा थर्मासचं झाकण फिरवत राहिले. ती सकाळी भरून ठेवायची तो चहा दुपारपर्यंत कोमट व्हायचा, आणि ते तो बिनतक्रार प्यायचे. गेल्या वर्षी त्यांनी एकदा दुधाचं पातेलं जाळलं. तेव्हापासून शेगडीचा लायटर तिच्या पर्समध्ये असायचा. रोज लायटर घेऊन ऑफिसला जाणारी दुसरी बाई शोधून सापडली नसती; पण नसता डोक्याला ताप नको, असा तिचा हिशेब होता.

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. आता संगणकावर ते एक पुस्तक जुळवत होते: छापखान्यातल्याच जुन्या मशीनमनच्या आठवणी, मोठ्या ठळक अक्षरांत. त्या बिचाऱ्याची नजर महिन्यागणिक उतरत चालली होती. पुस्तक निघायचं तर त्याला वाचता येतंय तोवरच निघायला हवं. पण पानं लावायचा प्रोग्राम जुना झाला होता आणि त्यात जोडाक्षरं फुटत होती. नवी आवृत्ती उतरवायला एका ओळीचा हुकूम पुरे. तो तिनेच त्यांना कागदावर लिहून दिला होता.

सवयीने तिची बोटं मालक-खात्याच्या, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेल्या खात्याच्या, पासवर्डाकडे वळली. तो टाकला की मशीन सगळे नकार गिळून मुकाट कामाला लागतं. दर खेपेला ती घाईत तेच करायची आणि उठायची. आज मात्र, ऑफिसात करते तसं, तिने आधी प्रोग्रामच्या फाइली कुणाच्या मालकीच्या आहेत ते पाहिलं.

वरपासून खालपर्यंत बाबांचं नाव कुठेच नव्हतं. सगळं त्या मालक-खात्याच्या नावावर, आणि पुढे तारखा, तिच्याच घाईच्या. त्या पासवर्डाने जे उतरतं ते त्या मालकाचंच होऊन बसतं. मग घरच्या माणसाने हात लावला की मशीन त्यालाच हटकतं. ऑफिसात नवीन आलेल्यांना ती हे अगदी बजावून सांगायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाबांनी काय काय करून पाहिलं, ते बघायला तिने मशीनला आजवर मिळालेल्या हुकुमांची यादी उघडली. तिने लिहून दिलेली ओळ अकरा वेळा होती. एका अक्षराचीही चूक नव्हती. त्याखाली त्यांनी टाइप केलं होतं: कृपया. आणि त्याच्याही खाली: मी घरचाच आहे.

असा हुकूम नाही, असं मशीनने दोन्ही वेळा कळवलं असणार.

दुसऱ्या कुणाच्या मशीनवर हे दिसलं असतं तर ती हसली असती. तिला स्वतःची लाज वाटली.

"किती दिवस चाललंय हे?"

"झाला असेल आठवडा."

"मला सांगायचं ना, बाबा."

"तू दमून येतेस. आणि मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुमचं काही चुकलं नाही. कुलूप मीच लावून ठेवलं होतं."

तिने मालकाचा पासवर्ड टाकला, पण या वेळी फाइली बाबांच्या नावावर करायला. मग उठून खुर्ची त्यांना दिली.

"आता तुम्ही द्या हुकूम."

बाबांनी चष्मा पुसला, कागद समोर ठेवला आणि एकेक खिळा वेचावा तशी एकेक कळ दाबली. मशीनने हटकलं नाही. ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. त्यांनी पुस्तकाचं पान उघडलं, पडद्याला जवळजवळ नाक लावून एक जोडाक्षर तपासलं.

"बसलं," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "म्हणजे आता परवानगी आहे?"

"आहे."

"सगळ्याला?"

त्यांचं बोट थर्मासच्या झाकणावर होतं. तिला कळायला एक क्षण लागला. तिने खांद्यावरची पर्स उघडली, डब्याखालून लायटर काढला आणि कीबोर्डशेजारी ठेवला.

बाबा लायटर उचलून स्वयंपाकघरात गेले. ती त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"साखर किती?" त्यांनी आतून विचारलं.

"अर्धा चमचा."

लायटरचा खटका वाजला. पेटलं नाही. ती अर्धी उठली. दुसरा खटका वाजला, मग तिसरा, आणि भप्पकन शेगडी पेटल्याचा आवाज आला. पाठोपाठ पातेलं ठेवल्याचा.

दुधाकडे लक्ष असू द्या, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ती बसून राहिली.