धोंडूबाईची जागा आणि मी

मी एक जुनी चौकट आहे. हसू नका मित्रांनो, खिडकीची नाही आणि फोटोचीपण नाही. पांढऱ्या पाइपचे मीटर-मीटरचे चार तुकडे, कोपऱ्यांना चार एल्बो, बस्स, एवढीच मी. नेरळच्या अकरमभाई प्लंबरनी मला जोडलं आणि सुरभीताईला विचारलं, "ताई, हिच्यातून पाणी नाही जायचं, मग करणार काय हिचं?"

"जमिनीवर ठेवणार. आत काय काय जगतंय ते मोजणार."

"म्हणजे नुसतं पडून राहायचं काम. नशीब काढलं हिने."

मी काय फुगले होते तेव्हा! कंपनी काही बांधते तेव्हा तिथली झाडंझुडपं, किडे, बेडूक किती घटतात, ते ताई मोजायची. बांधायच्या आधी एकदा, नंतर एकदा. मधला फरक म्हणजे कंपनीने तिथे किती तुडवलं त्याचा हिशोब.

खालापूरकडे एका माळावर मोठं गोदाम होणार होतं. माळाला लागूनच धोंडूबाईची वाडी. धोंडूबाई पावसाळ्यात कर्जतच्या बाजारात शेवळं विकायची, ती पहिल्या पावसात कंदातून उगवणारी रानभाजी. आता शेवळांची जागा बायका कुणालाच सांगत नाहीत, अगदी घरातसुद्धा नाही. पण ताई म्हणाली, "मावशी, जिथे जास्त जाती मिळतील ती जागा कंपनी न बांधता तशीच सोडणार आहे." मग जूनमध्ये धोंडूबाई स्वतः पुढे चालली.

"सुनेलापन नाय दाखवली गं अजून," ती म्हणाली. "वरचा कोंब तेवढा खुडायचा. कंदाला हात नाय लावायचा. तो हाय तर पुढल्या साली आमी हाय."

ताईने मला तिथे ठेवलं. अकरा शेवळं, खेकड्याचं बीळ, दोन बेडूक, मुंग्या, कोळी, कसली कसली इवली पानं! सगळ्या मिळून तेवीस जाती. ताईने वहीत लिहिलं तेव्हा धोंडूबाई वाकून वाकून बघत होती. वाचता येत नव्हतं तरी.

दिवाळीनंतर तिथेच पहिला जेसीबी फिरला. फेब्रुवारीत कंपनीच्या विपुलसाहेबांनी ताईला बोलावलं आणि मला उघड्या मुरमावर टाकायला लावलं. माझ्या आत काहीच नव्हतं, मुंगीसुद्धा नाही.

"ही आपली पहिली मोजणी," साहेब म्हणाले.

"सर, जूनची आहे ना..."

"जूनमध्ये काम सुरू कुठे झालं होतं? ती धरायची नाही."

मी ताईच्या पायाशी होते. वाटलं, आता बोलेल. ताईने शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्या वर्षी गोदामाच्या फाटकाशी लॉन आलं, शोभेची झाडं आली. मला लॉनवर ठेवलं. नऊ जाती! शून्याच्या नऊ झाल्या, म्हणजे कंपनीने माळ सुधारला, असा अहवाल निघाला. मित्रांनो, त्या अहवालावर माझाच फोटो आहे. माझ्याइतकं खोटं कुणीच बोललं नसेल, आणि मला तर तोंडही नाही.

फोटो काढत होते तेवढ्यात धोंडूबाई फाटकाशी आली.

"सुरभी, माजी जागा कुठाय गं?"

"मावशी, मी बोलले होते त्यांच्याशी..."

"मी जागा इचारली."

धोंडूबाई सरळ आत आली, मला उचललं, खांद्यात अडकवलं आणि चालू लागली. "नेऊ दे, पाइपच तर आहे," विपुलसाहेब हसत म्हणाले.

जेसीबीने लोटलेल्या मुरमाच्या ढिगात तिला पाच कंद सापडले होते. ते तिने दुसरीकडे पुरले आणि गुरांनी तुडवू नये म्हणून भोवती मला ठेवलं. या वेळी सुनेला, छायाला, बरोबर नेलं होतं.

"आत्या, त्या बाईला आदी दाखवलंत ना," छाया म्हणाली.

"चुकलं माजं," धोंडूबाई म्हणाली. "तू बघून ठेव."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन मोजणी करेल. जरूर करा. फक्त ज्याने विश्वासाने जागा दाखवली, त्याच्या समोर बसून वही भरा, आणि जूनचं पान जूनचंच राहू द्या.

यंदा माझ्या आत दोन शेवळं आलीत. कुठे, ते मात्र विचारू नका.