खांबाच्या उजवीकडे

सिनेमा मुका आहे म्हणून माझं पोट भरतं. डब्लिनमधल्या एका सिनेमागृहात मी पियानो वाजवते.

रस्त्यावरची लढाई थांबून आठवडा झाला, तरी माझा भाऊ फिंटन कुणाच्या बाजूने लढला हेच आम्हाला कळत नव्हतं. इंग्रजांशी झालेला करार मानणारे ते सरकारी, न मानणारे ते बंडखोर. कालपरवापर्यंत सगळे एकाच फौजेतले. फिंटन रेनकोट चढवून निघून गेला, बोलला काहीच नाही. सरकारी असेल तर बराकीत चौकशी करायची. पण बंडखोर असेल तर बराकीत त्याचं नाव काढणं म्हणजे आपणच त्याला पकडून देणं. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

दुपारच्या खेळाला बातमीपटात तो दिसला! धुरातून वाकून धावत त्याने रस्ता ओलांडला. जेमतेम तीन सेकंद. माझी बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडली.

पहिल्या रांगेतून आई ओरडली, "माझा फिंटन! खांबाच्या उजवीकडे गेला गं!"

समोर रस्त्याच्या मधोमध उभा नेल्सनचा खांब असला की उजवीकडे सरकारी आणि डावीकडच्या हॉटेलांत बंडखोर, हे शेंबडं पोरही सांगेल.

"म्हणजे सरकारीच," आई रडत-हसत म्हणाली. "आत्ता बराकीत जाऊन विचारते."

"थांब ना, मीही येते."

"तू वाजव. आधीच सगळं बेसूर चाललंय."

पुढच्या खेळाला मी नुसती पडद्याकडे बघत राहिले. फिंटन धावताना क्रुसाची खूण करत होता. डाव्या हाताने! ती तर नेहमी उजव्यानेच करायची असते. आईने पाहिलं असतं तर थोबाड फोडलं असतं, असं वाटून मला हसू आलं. मग त्याच्या मागच्यानेही डाव्याच हाताने केली आणि मी पियानो सोडून उठले.

मी वर प्रोजेक्टर चालवणाऱ्या लॅरीकडे धावले. "लॅरी, फीत उलटी चढवलीस काय रे?"

"चढली असेल. धूरच तर दाखवायचाय! डावा काय, उजवा काय!"

म्हणजे फिंटन खरं तर डावीकडे गेला होता, बंडखोरांकडे! मी तशीच पळत सुटले. आई बराकीतून परतताना पुलावरच भेटली, अगदी खुशीत.

"किती चांगली माणसं गं! बसायला खुर्ची दिली. यादीत नाव नाही, पण शोधतो म्हणाले. घरी आला नाही तर कुठे जाईल, असं साहेबांनी आपणहून विचारलं. मी ब्रायडी मावशीचा पत्ता दिला."